धर्मगुरूंचा शब्द आणि गांवचें आरोग्य

सन २०२० च्या मार्च महिन्याची २३ तारीख. वाळवें तालुक्याचें मुख्य ठिकाण असलेल्या इस्लामपूर गांवीं, अरबस्थानांतील यात्रेहून परतलेल्या चौघांना कोविडची बाधा झाल्याचें त्या दिवशीं निष्पन्न झालें. दोनच दिवसांनीं गुढीपाडवा होता. ज्या गांवांत एरवीं कडुलिंबाचे डहाळे व साखरेच्या गांठी घेण्यासाठीं बाजार फुलावयाचा, तेथें रस्ते ओस पडले. आठवडा उलटतो न उलटतो तोंच त्या एका कुटुंबांतील व त्यांच्या निकट सहवासांतील मिळून रुग्णांची संख्या पंचविसाच्या घरांत गेली. आसपासचा एक किलोमीटर परिसर बंद करण्यांत आला, घरोघर चौकशी सुरू झाली आणि रुग्णांना मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांपैकीं बहुतेक सारे बरे झाले होते. साथ मुळाशींच आवरण्याचा एक नमुना म्हणून त्या वेळीं इस्लामपूरचें नांव महाराष्ट्रभर झालें.

२०२५ सालीं ह्या गांवास ईश्वरपूर हें नांव देण्याचें ठरलें. परंतु मी सांगत आहें ती हकीकत इस्लामपूर ह्या नांवाचीच आहे. उरुण-इस्लामपूरला जाऊन आलेल्या वाचकांस तेथील शंभुअप्पा व बुवाफन हीं जोडीनें घेतलीं जाणारीं नांवें ठाऊक असतील. एक हिंदू व एक मुसलमान अशा ह्या दोन सत्पुरुषांचा उरूस सारा गांव मिळून करतो. अशा गांवांतसुद्धां त्या मार्च महिन्यांत रोगाच्या भीतीबरोबर दुसरीही एक भीति शिरली. 'यात्रेहून आलेला रोग' ह्या शब्दांचा 'त्या लोकांचा रोग' असा अर्थ होण्यास वेळ लागत नाहीं. रोगी लपूं लागला, शेजारी दार लावून घेऊं लागला, आणि तपासणीस आलेल्या परिचारिकेकडे संशयानें पाहिलें जाऊं लागलें, कीं मग वैद्यकशास्त्र कितीही प्रगत असो, त्याचे हात बांधले जातात.

औषध काय द्यावें हें डॉक्टरास कळतें; परंतु दार उघडावें कीं नाहीं, हें घरांतील माणसें कोणाच्या तरी शब्दावरून ठरवितात. तो शब्द पुष्कळदां उपाध्यायाचा, कीर्तनकाराचा, मौलवीचा किंवा पाद्र्याचा असतो. म्हणून लोकांच्या आरोग्याच्या कामीं धर्मगुरूंनीं आजवर काय केलें, काय बिघडविलें, आणि पुढें काय करतां येईल, ह्याचा विचार आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनींही करणें अगत्याचें आहे.

यात्रा आणि साथ

यात्रा आणि साथ ह्यांचें नातें जुनें आहे. पटकीचा रोग पाण्यांतून पसरतो, हें जॉन स्नो ह्यांनीं लंडनमध्यें १८५४ सालीं दाखवून दिलें. त्या रोगाचा जंतु कॉख ह्यांनीं १८८३-८४ मध्यें प्रथम मिसर देशांत व नंतर कलकत्त्यास ओळखला. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनीं पाहिलें होतें कीं, जेथें लाखों माणसें एका नदीच्या कांठीं जमतात, तेथून परततांना तीं प्रसादाबरोबर पटकीही घरीं नेतात. पंढरपूर ह्यास अपवाद नव्हतें, आणि मक्काही नव्हती. १८६५ सालच्या हजयात्रेंत पटकीनें हजारों यात्रेकरू दगावले व तेथून तो रोग युरोपपर्यंत पोंचला. तेव्हां पुढल्याच वर्षीं कॉन्स्टॅन्टिनोपल येथें अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींची आरोग्यपरिषद भरली.

ह्यांत देवाचा दोष नाहीं व भक्ताचाही नाहीं. दोष आहे तो पाण्याचा, मैल्याचा व गर्दीचा. परंतु गर्दी जमवितो कोण? पंचांगांतील तिथि आणि धर्मगुरूंचा शब्द. म्हणूनच ती गर्दी सुरक्षित राखण्याची कांहीं जबाबदारी त्या शब्दावरही येते.

जुलूम आणि विश्वास

ह्या जबाबदारीची पहिली मोठी परीक्षा आपल्याकडे प्लेगच्या दिवसांत झाली. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेग उघडकीस आला; १८९७ च्या आरंभीं तो पुण्यांत हातपाय पसरूं लागला. तेथें नेमलेले रँड साहेब पूर्वीं सातारा जिल्ह्यांत अधिकारावर होते. इस्लामपूर त्या काळीं सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरावें, देवघर व माजघर तुडवावें, बायामाणसांची झडती घ्यावी, असा जो प्रकार पुण्यांत झाला त्याची परिणति २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड ह्यांच्यावर झालेल्या गोळीबारांत झाली. तो इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. परंतु त्यांतील आरोग्याचा धडा आपण क्वचितच ध्यानीं घेतों. रोग्यास वेगळें ठेवणें, घर स्वच्छ करणें, ह्या गोष्टी मुळांत चुकीच्या नव्हत्या. चुकीची होती ती रीत. जुलमानें केलेला योग्य उपायही लोकांना रोगाहून भयंकर वाटूं लागतो, आणि मग ते रोगी दडवितात.

त्याच वर्षीं मुंबईंत ह्याच्या अगदीं उलट असा एक प्रसंग घडला. हाफकिन ह्या शास्त्रज्ञांनीं प्लेगवरील लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. लोकांत अर्थातच भीति होती. सुई, परका माणूस, आणि सरकारचा वरदहस्त. ह्या तिन्हींपैकीं एकाचाही कोणास भरवसा नव्हता. अशा वेळीं खोजा इस्माइली पंथाचे इमाम आगाखान पुढें झाले. त्यांचें वय तेव्हां अवघें १९ वर्षांचें. त्यांनीं अनुयायांस नुसता हुकूम केला नाहीं. सर्वांच्या देखत आपल्याच हातावर लस टोंचून घेतली आणि ही बातमी शक्य तितकी दूरवर पोंचेल अशी व्यवस्था केली. हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेसाठीं त्यांनीं आपली जागाही देऊं केली. ती प्रयोगशाळा पुढें १८९९ सालीं परळ येथील जुन्या सरकारी वाड्यांत गेली, व आज हाफकिन संस्था ह्या नांवानें प्रसिद्ध आहे.

हाफकिन हे ज्यू, आगाखान मुसलमान, आणि वांचणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक. अनुयायी विश्वास ठेवतात तो गुरूंच्या शरीरशास्त्राच्या ज्ञानावर नव्हे. 'जें मला करावयास सांगतात तें ते स्वतः करतात' ह्यावर.

मिरजेचा दवाखाना

इस्लामपुराहून फार दूर नसलेल्या मिरजेस तिसऱ्याच प्रकारचें उदाहरण सांपडतें. विल्यम वॉनलेस हे डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ सालीं ह्या भागांत आले आणि १८९४ सालीं मिरजेस त्यांचें रुग्णालय सुरू झालें. शस्त्रक्रियेसाठीं लांबलांबच्या संस्थानांतून रोगी मिरजेस येऊं लागले. १९२८ सालीं ते निवृत्त झाले, त्याच वर्षीं त्यांना 'सर' हा किताब मिळाला, आणि १९३३ सालीं ते वारले. वॉनलेसवाडी हें नांव त्यांची आठवण अजून ठेवून आहे.

मिशनऱ्यांचें काम म्हटलें कीं आपल्या घरांत दोन मतें निघतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. रुग्णसेवेबरोबर धर्मप्रसार हाही त्यांचा हेतु होता, व तो त्यांनीं कधीं लपविला नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं त्याविषयीं साशंक असावें हें स्वाभाविकच होतें. परंतु त्याच वाडवडिलांपैकीं कितीकांनीं डोळ्यांवरील मोतीबिंदु काढून घेण्यासाठीं मिरजेची वाट धरली, हेंही विसरतां कामा नये. सोंवळ्यांतील आजीबाई आणि अस्पृश्य म्हणून गांवाबाहेर ठेवलेला शेतमजूर एकाच व्हरांड्यांत आपली पाळी येण्याची वाट पाहत बसले, हा त्या काळीं लहान फरक नव्हता. शंका घ्यावी, पण आपण शंका घेत बसलों असतां दुसरा कोणी सेवा करून गेला, ह्याची थोडी लाजही वाटूं द्यावी.

हातांतला खराटा

तरी ती लाज सर्वस्वीं बाळगावयास नको. कारण आपल्याच मातींत गाडगेबाबा होऊन गेले. डेबूजी झिंगराजी जानोरकर हें त्यांचें नांव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यांतील. आणि निधन २० डिसेंबर १९५६ चें. ते शाळा शिकले नव्हते, कोणत्या पीठावर बसले नव्हते, व कोणास मंत्रही देत नव्हते. गांवांत शिरले कीं आधीं खराटा हातीं घेऊन रस्ते झाडावयाचे आणि रात्रीं त्याच झाडलेल्या जागीं कीर्तनास उभें राहावयाचें. ज्या गांवानें सकाळीं बाबांना आपल्या दारांतील घाण उचलतांना पाहिलें, त्या गांवास रात्रीं स्वच्छतेविषयीं वेगळा उपदेश करावा लागत नसे. श्रोत्यांना उलटसुलट प्रश्न विचारीत, त्यांच्याच बोलींत, ते नवससायास, पशुबळी, दारू व कर्ज ह्यांवर बोलत.

त्यांनीं देणग्या गोळा केल्या. परंतु देऊळ बांधलें नाहीं. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा क्षेत्रीं त्यांनीं धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईंत त्यांच्या नांवानें चालणाऱ्या धर्मशाळेंत कर्करोगावरील उपचारांसाठीं परगांवाहून येणाऱ्या गरीब रुग्णांची व त्यांच्या नातलगांची सोय होते. यात्रेकरूस निवारा, शुद्ध पाणी व शौचाची जागा मिळाली, तर साथीचें अर्धें बळ ओसरतें, ही गोष्ट आरोग्यखात्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याइतकीच ह्या अशिक्षित संताला कळली होती. २०००-०१ सालीं राज्य सरकारनें ग्रामस्वच्छतेचें अभियान सुरू केलें, तेव्हां त्यास गाडगेबाबांचेंच नांव दिलें, तें यथार्थ होय.

वारी थांबली नाहीं, पण चालली नाहीं

आतां पुन्हां २०२० सालाकडे येऊं. मार्चांत देवळें, मशिदी व चर्चें बंद झालीं. आषाढी जवळ येतां येतां सर्वांच्या मनांत एकच प्रश्न होता. वारी चुकवावयाची नाहीं, हा तर वारकऱ्याचा नेम. पण ज्या मुक्कामांवर दरवर्षीं लाखों माणसें उतरतात, तीं गांवें ह्या वेळीं धास्तावलेलीं. शेवटीं फडकरी, दिंडीकरी व संस्थानचे लोक ह्यांच्याशीं विचारविनिमय होऊन असें ठरलें कीं, संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस्. टी. च्या गाडींतून पंढरपुरास न्याव्यात. १ जुलै २०२० ची आषाढी एकादशी अशी पार पडली. पुढल्या वर्षीं २० जुलैलाही तसेंच झालें.

ह्या निर्णयाची किंमत ज्यांनीं पायीं वारी केली आहे त्यांनाच कळेल. पुष्कळ वृद्ध वारकऱ्यांना ठाऊक होतें कीं, आपल्या हयातींत पुन्हां ती वाट चालावयास मिळेल कीं नाहीं ह्याची शाश्वती नाहीं. तरीही ते घरीं राहिले; कारण 'घरांतूनच माउलीस हात जोडा' हें त्यांना सरकारी पत्रकानें नव्हे, तर त्यांच्याच परंपरेंतील मंडळींनीं सांगितलें. त्याच वर्षीं २५ मे रोजीं आलेल्या रमजान ईदची नमाज मुसलमान कुटुंबांनीं घरोघर अदा केली. महाराष्ट्रांतील प्रार्थनास्थळें पुढें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं, दिवाळीच्या पाडव्यास, उघडलीं.

सर्वत्र असें शहाणपण दिसलें असें मात्र नाहीं. मार्च २०२० मध्यें दिल्लीच्या निजामुद्दीन भागांत भरलेला धार्मिक मेळावा आणि एप्रिल २०२१ मध्यें हरिद्वारच्या कुंभमेळ्यांत झालेली गर्दी, हीं दोन्ही उदाहरणें डोळ्यांपुढें आहेत. पहिल्यावर बोट ठेवतांना दुसरें विसरणें, किंवा दुसऱ्यावर बोलतांना पहिलें झांकणें, हें प्रामाणिकपणाचें लक्षण नव्हे. रोगाच्या जंतूस टिळा व टोपी ह्यांतील भेद कळत नाहीं.

जगांतील अनुभव

पोलिओच्या डोसाची गोष्ट घ्या. मालेगांवांत व उत्तर हिंदुस्थानांतील कांहीं भागांत ह्या डोसाविषयीं नाना प्रवाद उठले होते. मुलांना पुढें संतति होणार नाहीं, अशीही अफवा होती. आरोग्यसेविका दारोदार फिरून थकल्या. मग मशिदींतून आवाहनें झालीं, मौलवींनीं आपल्या घरच्या मुलांना डोस पाजला, आणि बंद दारें हळूहळू उघडलीं. आपल्या देशांतील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारत ज्या विभागांत मोडतो तो सारा विभाग पोलिओमुक्त असल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. त्या यशांत लसीचा वाटा मोठा. पण लस बाळाच्या मुखापर्यंत पोंचविणाऱ्या विश्वासाचा वाटा त्याहून लहान नाहीं.

पश्चिम आफ्रिकेंत २०१४ सालीं इबोला पसरला, तेव्हां मृताच्या देहास स्नान घालण्याच्या रीतींतूनच रोग फैलावत होता. पांढऱ्या पोशाखांतील पथकें येऊन प्रेतें उचलून नेत, प्रार्थनाही होऊं देत नसत. म्हणून लोक रात्रीं चोरून दफन करीत. अखेरीस इमाम व पाद्री ह्यांना बोलावून विधि नव्यानें ठरविण्यांत आला: देहास स्पर्श नको, परंतु प्रार्थना, नातलगांची उपस्थिति व कबरीवरील नांव हें सारें असेल. 'सुरक्षित व सन्मानपूर्वक दफन' असें त्यास नांव पडलें. शास्त्रानें आपलें म्हणणें सोडलें नाहीं, धर्मानेंही आपला गाभा सोडला नाहीं. फक्त दोघे एका जागीं बसले.

गुजरातेंतील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यांतही असाच प्रयोग झाला. भूतबाधा म्हणून आणलेल्या मनोरुग्णास तेथील मुजावर दुवा देतात, व त्याच आवारांतील मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवितात. २००१ च्या ६ ऑगस्टला तामिळनाडूंतील एर्वाडी येथें सांखळदंडांनीं जखडून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगींत होरपळून मेले. तें दुःख आठवलें म्हणजे दुव्याच्या जोडीला दवा देणाऱ्या मुजावराचें मोल कळतें.

आपल्या घरचे गुरुजी

वाचक म्हणतील, हें सारें मोठ्या गोष्टींविषयीं झालें. आमच्या चौसोपी वाड्यांत किंवा चाळीच्या दोन खोल्यांत ह्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्याच नात्यांतील इस्लामपूरच्या एका घरीं मीं डोळ्यांनीं पाहिला.

आमच्या एक आत्या तेथें राहत. वय पंचाहत्तरीच्या पुढचें, मधुमेह जुना, रोज इन्शुलिन टोंचून घ्यावें लागे. पण एकादशी निर्जळी करण्याचा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. मुलगा विनवी, सून रडे, डॉक्टर रागावत. आत्या सर्वांचें ऐकून घेत आणि एकादशीस पाण्याचा थेंबही तोंडांत घालीत नसत. एका आषाढी एकादशीस त्या देवापुढें बसल्या बसल्याच कोलमडल्या. रक्तांतील साखर अतोनात उतरली होती; शिरेंतून साखर देऊन डॉक्टरांनीं त्यांना परत आणलें. शुद्धीवर येतांच त्या म्हणाल्या, "माझा नेम मोडलात!" घरांतील कोणाच्या तोंडून शब्द फुटेना.

पुढल्या पंधरवड्यांत सत्यनारायणासाठीं घरचे गुरुजी आले. सुनेनें स्वयंपाकघरांतून हलकेच त्यांच्या कानांवर सारी हकीकत घातली. गुरुजी पूजा आटोपून आत्यांच्या समोर बसले व म्हणाले, "आत्याबाई, व्रत कशानें मोडत नाहीं हें शास्त्रांतच सांगितलें आहे. पाणी, कंद, फळ, दूध ह्यांनीं मोडत नाहीं, औषधानेंही मोडत नाहीं. आणि त्याच यादींत गुरूचें वचनही आहे. मीं आपल्या घरचा उपाध्याय. हें माझें वचन समजा: एकादशीस दूध व फळें वेळच्या वेळीं घ्यावयाचीं, औषध डॉक्टर सांगतील तितकेंच, आणि जीव घाबरला तर साखर आधीं, जप मागून. ह्यांत दोष लागला तर तो मला लागो."

आत्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग सुनेला हांक मारून म्हणाल्या, "येत्या एकादशीला माझ्यासाठीं पावशेर दूध ठेव हो." त्यानंतर त्या सहा वर्षें जगल्या, आणि एकही एकादशी त्यांनीं चुकविली नाहीं.

डॉक्टरांनीं जें दहा वर्षें सांगितलें, तेंच गुरुजींनीं पांच मिनिटांत पटविलें. गुरुजींना मधुमेहाचें ज्ञान अधिक होतें म्हणून नव्हे. आत्यांना भीति वाटत होती ती मरणाची नव्हती, नेमभंगाची होती. त्या भीतीवरील औषध डॉक्टरांच्या पेटींत नव्हतें. आपल्या धर्मशास्त्रानें बालकास, वृद्धास व आजाऱ्यास उपवासांतून सूट दिली आहे. कुराणानेंही आजारी मनुष्यास व प्रवाशास रमजानच्या रोजांतून सवलत दिली आहे. परंतु ही सूट घेण्यास अधिकारी माणसाचा शब्द लागतो. तो वेळेवर उच्चारणें, हीच धर्मगुरूची आरोग्यसेवा.

म्हणून सुशिक्षित गृहिणींस माझी एक विनंति आहे. पुढच्या खेपेस गुरुजी घरीं आले म्हणजे दक्षिणेबरोबर त्यांच्याशीं दोन गोष्टी बोलाव्या. घरांत कोणास कोणता आजार आहे, कोणाचें कोणतें औषध चालूं आहे, हें त्यांना सांगावें. सर्पदंश झाला तर अंगारा लावीत न बसतां माणसास थेट रुग्णालयांत न्यावें, हें त्यांनीं आपल्या यजमानांच्या शेतावरील गड्यांसही बजावून सांगावें. आपल्या देशांत दरवर्षीं सुमारे ५८,००० माणसें सर्पदंशानें मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील पुष्कळांचा पहिला मोलाचा तास देवळाच्या पायरीवर गेलेला असतो. बाळंतिणीस दहा दिवस जी विश्रांति आपल्या रूढीनें दिली ती जरूर राखावी. पण त्याबरोबर आलेला अंधार, धूर आणि कोंदट खोली मात्र सोडावी, हेंही गुरुजींच्याच तोंडून सासूबाईंना अधिक पटेल.

इस्लामपूरच्या त्या बंद रस्त्यांची आठवण आली कीं मला आत्यांचें तें पावशेर दूध आठवतें. साथ मोठी असो वा एका म्हातारीचा उपवास असो, डॉक्टर दारापर्यंत येतो. आंतली कडी मात्र ज्याच्यावर घराचा विश्वास आहे त्याच्या शब्दानें निघते.